कळंब्याची मगर आणि दाराचं रबर

तान्या, आधी एक तक्रार ऐकून घे. रडायचं ते मागनं बघू.

तुझ्या स्वतःच्या घरातली वॉशिंग मशीन गळते. निम्म्या कोल्हापूरच्या मशिनींना नवं रबर बसवलेला माणूस तू. निम्म्या म्हणतोय ते लाजून म्हणतोय, खरं तर पाऊण कोल्हापूर आणि वर थोडं बेळगाव. आणि तुझ्याच न्हाणीत मशीनखाली जुना टॉवेल गुंडाळून ठेवलेला. मी सुनंदावहिनींना विचारलं, कधीपासून गळतंय? त्या म्हणाल्या, हे होते तेव्हापासून. म्हणजे तू रोज सकाळी तो टॉवेल पिळायचास, परत तिथंच टाकायचास, आणि लोकांची गळती बंद करायला माझ्या रिक्षात येऊन बसायचास. मर्दा, हे मला एकदा तरी सांगायचं. एवढ्या एका गोष्टीवर मी पुढची दहा वर्षं लोकांना हसवलं असतं.

आता तू नाहीस, आणि ती मशीन माझ्या गळ्यात पडली.

वहिनींचा फोन आला तेव्हा मी घरात खाटेवर पडून छताकडे बघत होतो. तू गेल्यापासून माझा तोच धंदा होता. रक्षाविसर्जनाला लोक जमले होते, सगळ्यांची अशी समजूत की आता इलाही उठेल आणि तानाजीवर असं काही बोलेल की नदीसुद्धा थांबून ऐकेल. मी उठलो. तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. परत बसलो. मागून कुणीतरी म्हणालं, इलाईची बॅटरी उतरली. खरं होतं. बॅटरीच काय, चार्जरही तूच घेऊन गेलास.

वहिनी फोनवर सरळ मुद्द्यावर आल्या. लक्ष्मीपुरीतला आपला गाळा त्यांच्या भावाला हवाय. त्याला तिथं मोबाईलचं दुकान टाकायचंय. गाळा तुझ्या नावावर, म्हणजे आता त्यांच्या. मी मनातल्या मनात शटर ओढून मोकळाच झालो होतो, म्हणालो, द्या की, माझी काय हरकत. मी गाळ्यात बसून करणार काय? माशा मारायलाही हात लागतात. त्यावर त्या म्हणाल्या, "भावजी, आधी आमची मशीन गळतीया ती बघा. जमलं तर गाळा ठेवा. न्हाई जमलं तर भावाला देते."

मी म्हटलं, वहिनी, मी चांगला मिस्त्री पाठवतो. त्या म्हणाल्या, चांगला मिस्त्री मला म्हाईत हाय, तो गेला. तुम्हाला येतंय का ते बघायचंय.

आता बोल.

हे वाचणाऱ्या लोकांना आपली वाटणी ठाऊक नसेल, म्हणून तुला ठाऊक असलेलंच परत सांगतो, रागावू नको. वाटणी सरळ होती. हात तुझे, तोंड माझं. मी मुळात रिक्षावाला. बाप रिक्षावाला, आज्जा टांगेवाला, आणि त्याच्या आधीचे बहुतेक घोडे असावेत. तू एकदा एक उघडी मशीन माझ्या रिक्षात घालून नेत होतास, स्टेशन रोडवरच्या खड्ड्यात तिचं झाकण उडालं, मी ते चालत्या रिक्षातून एका हातानं झेललं. निदान मी तसं सांगतो. तू दरवेळी शेजारून म्हणायचास, झाकण रिक्षातच पडलंतं. असो. त्या दिवसापासून मशिनी नेणं-आणणं माझ्याकडे आलं, आणि मग मीही आलो.

पण खरी भागीदारी जमली ती ताराबाई पार्कातल्या त्या रिटायर साहेबांच्या घरी. आठवतंय? दाराचं रबर बदलायचं होतं. साहेब हातात बॅटरी घेऊन तुझ्या डोक्यावर उभे. हे काय काढलं, ते का काढलं, हा स्क्रू कुठला, तो परत बसेल ना. तुला कुणी बघत असलं की तुझे हात थिजायचे, हे मला तेव्हाच कळलं. एकटा असलास तर तू डोळे मिटून मोटर उघडशील. पण मागं माणूस उभा राहिला की बोटांच्या भेंड्या व्हायच्या. रबर बसवायची तार तुझ्या हातून सटकली, फरशीवर टणटणत गेली, आणि साहेब म्हणाले, मी कंपनीचा माणूस बोलावू का?

तेव्हा मी काय केलं हे मलाही कळलं नाही. न्हाणीच्या दारात स्टूल ओढलं, मशीनकडं पाठ करून आडवा बसलो आणि म्हणालो, साहेब, तुम्ही कळंब्याच्या मगरीचं ऐकलंय का?

बॅटरीचा उजेड तुझ्यावरनं माझ्या तोंडावर आला तो शेवटपर्यंत हलला नाही.

तिथून पुढं बरीच वर्षं आपण तसंच काम केलं. मी दारात, मशीनकडं पाठ, घरातली सगळी माणसं माझ्यासमोर. आणि माझ्यामागं तू, एकटा, सुखात. आपल्याकडे कामाचा अंदाज तासात नव्हता, गोष्टीत होता. गाळणीत कचरा अडकला असेल तर गगनबावड्याचा पाऊस. तिथं एवढा पडतो की छत्री उलटी धरून लोक प्यायचं पाणी भरतात आणि बैलांना पोहायला शिकवून मगच बाजारात विकतात. ही छोटी. बेअरिंग गेलं असेल तर कुरुंदवाडची वरात, पुराच्या पाण्यात गुळाच्या काहिलीतून, म्हणजे रस उकळायच्या थोरल्या कढईतून, निघालेली, बँडवाले दुसऱ्या काहिलीत, आणि नवरा चुकून भलत्याच काहिलीत. ही चहा-पोह्यांसकट दुपारभर चालायची. आणि दाराचं रबर म्हणजे कळंब्याची मगर. लोकांना वाटायचं मी वेळ घालवतोय. तू मात्र मशीनकडे एकदा बघून मला हळूच सांगायचास, "मगर." झालं निदान.

आणि मधूनच, गोष्ट फारच ताणली गेली, समोरचा माणूस भुवया वर करायला लागला, की तू मागून, मान वर न करता, अगदी कोर्टातल्यासारखं म्हणायचास, "व्हय. मी हुतो तिथं." तुझा आवाज असा की कुणाची शंका घ्यायची छाती व्हायची नाही. आयुष्यात एक खोटं न बोललेला माणूस तू. माझ्या थापांना मात्र साक्ष दिलीस, आणि त्याही माझ्या आज्जाच्या काळातल्या. कुणीच कधी विचारलं नाही की तुमचं वय काय.

दाराचं रबर काय असतं तेही सांगून टाकतो. समोरून दार असलेल्या मशीनला काचेभोवती राखाडी रबराचं जाड कडं असतं. आतल्या टाकीचं तोंड आणि बाहेरचा पत्रा यांना ते जोडतं. टाकी घुसळते, नाचते, कधी कधी घर सोडून निघाल्यासारखी उड्या मारते. रबर ते सगळं सोसतं आणि पाणी आत ठेवतं. त्याच्या घडीत साबण साठतो, काळी बुरशी धरते, पॅन्टच्या चेनी घासतात, आणि एक दिवस खालच्या बाजूनं ते फाटतं. पाणी हळूहळू येतं. एकदम येत नाही, म्हणून माणूस टॉवेल टाकून दिवस काढतो. तू काढलेस तसे.

आता मगरीची गोष्ट. माझ्या आज्जाच्या टांग्याला सुलतान नावाचा घोडा होता. आज्जा त्याला संध्याकाळी कळंब्याच्या तळ्यावर पाण्याला न्यायचा. एके दिवशी मगरीनं सुलतानची शेपटी धरली. घोडा उधळला, मगर सोडेना. घोडा पुढं, मगर मागं, आज्जा मधोमध कुणाला ओरडावं या विचारात, अशी ती मिरवणूक थेट कळंब्याच्याच जेलच्या दारात. तिथं शेपटी तुटली आणि मगर दारातच पालथी पडली. आत घ्यायच्या कैद्यांची मोजणी चालली होती. अंधुक उजेड. जेलरला वाटलं, कुणी कामचुकार कैदी पालथा पडलाय. घेतला आत. सकाळी गिनती एक जास्त. आता कैदी कमी भरला तर नोकरी जाते हे जेलरला माहीत होतं, पण जास्त भरला तर काय होतं हे कुठल्या नियमात नव्हतं. मग तो कारकुनाच्या कानात कुजबुजतो: एक वाढलाय, कुणाला बोलू नको. मगरीला टोपी मिळते, ताटली मिळते, झोपायला चटई मिळते. आणि मग एक दिवस तपासणीला जज्जसाहेब येतात, रांगेतून चालत चालत मगरीसमोर उभे राहतात आणि विचारतात, तुझं नाव काय?

दरवेळी नेमका इथं माझ्यामागं आवाज यायचा, टक्. आणि तू म्हणायचास, "झालं."

गोष्ट तिथं थांबायची. लोक म्हणायचे, पुढं काय? मी म्हणायचो, पुढं पुढच्या रबराला. तू रिक्षात बसल्यावर भांडायचास. तुझं एकच म्हणणं, शेवट न सांगता सोडलेली गोष्ट म्हणजे नळी न जोडता सोडलेला पंप, सगळं पाणी घरात. माझं म्हणणं, गोष्ट संपली की माणसं उठतात आणि तुझ्याकडं बघायला लागतात, मग तुझे हात थिजतात. न संपणारी गोष्ट ही तुझ्या पेटीतलीच एक वस्तू आहे असं समज. दसरा चौकापासून तुझ्या दारापर्यंत हे भांडण कितीदा झालं असेल. तू उतरायचास, पेटी घ्यायचास, आणि दारातून वळून परत एकदा विचारायचास, पण जज्ज काय म्हणाला रं? मी हॉर्न वाजवून निघायचो.

दवाखान्यातही तू तेच विचारलंस. दुपारची भेटायची वेळ होती, तुझ्या नाकाला नळी, आवाज असा की पंख्याखाली विरून जावा. तुझ्या आजाराबद्दल मी शंभर थापा मारून झालो होतो. डॉक्टर माझा लांबचा भाचा आहे, वरच्या मजल्यावर तुझ्यासाठी वेगळी लिफ्ट बांधतायत, असलं काहीतरी. तू ते सगळं ऐकलंस आणि म्हणालास, "इलाई, मगरीचं पुढं काय झालं?"

मी म्हणालो, घरी चल, मग सांगतो.

मला वाटलं, ज्याला शेवट ऐकायचाय तो माणूस जात नाही. एवढी साधी गोष्ट. गोष्ट राखून ठेवली की माणूस राहतो, हे मी आयुष्यभर लोकांच्या न्हाणीच्या दारात बसून बघितलं होतं. तू नाकातून हसलास, नळी हलली, नर्सनं मला बाहेर काढलं. तू घरी आलास ते गोष्ट ऐकायला नव्हे. आणि तान्या, माझ्याजवळ शेवट नव्हताच. कधीच नव्हता. टक् वाजायच्या पुढं मी एक पाऊलही कधी विचार केला नव्हता. हे तुला ठाऊक होतं की नव्हतं, यावर मी आता माझ्याशीच भांडतो, आणि दोन्ही बाजूंनी हरतो.

तर तुझी पेटी घेऊन मी तुझ्या घरी गेलो. नवं रबर नेलं होतं, बरोबर त्याच मॉडेलचं. वस्तू आणण्यात इलाही चुकत नाही. न्हाणीत शिरलो, मशीनसमोर मांडी घातली, आणि तेव्हा मला कळलं की एवढ्या वर्षांत मी हे काम कधी बघितलेलंच नाही.

हसू नको. विचार कर. मी पाठ करून बसायचो. मला हे काम फक्त ऐकून येतं. डोळे मिटले की सगळं येतं: आधी वरच्या झाकणाचे स्क्रू, खर्र खर्र. मग बाहेरची तार सुटते तो बारीक चर्र. मग जुनं रबर टाकीपासून सुटतं, म्हातारा माणूस खुर्चीतून उठताना करतो तसा आवाज. मग साबणाच्या पाण्यात बुडवलेलं नवं रबर टाकीच्या तोंडावर चढतं, चुईं चुईं. मग तू काहीतरी पुटपुटायचास. मग एकदम शांत, तू श्वास धरलेला. मग टक्. मला कामाची गाणी पाठ, पण वाद्य कसं धरतात ते माहीत नाही.

वहिनी न्हाणीच्या दारात स्टूल घेऊन बसल्या. माझ्याच जागी. पण त्यांचं तोंड माझ्याकडं होतं.

जुनं रबर काढलं. उगीच मोठेपणा कशाला, ते मला काढायला लागलं नाही, ते फाटून हातात आलं. नवं रबर साबणाच्या पाण्यात बुचकळलं आणि चढवलं. आतली पट्टी आवळली. घाम असा आला की मशीनला वेगळं पाणी द्यायची गरज पडली नसती. मी मागं सरकून बघितलं. सुंदर बसलं होतं. मी वहिनींकडे बघून छाती फुगवली.

त्या वाकून बघत म्हणाल्या, भावजी, ह्याची भोकं वर का हायत?

रबराच्या घडीला बारीक भोकं असतात, तान्या, हे मला त्या दिवशी कळलं. घडीत राहिलेलं पाणी त्यातून टाकीत परत जावं म्हणून. ती खाली हवीत. मी ती आभाळाकडे करून ठेवली होती, जणू पाणी वर उडून जाणार. आणि वरच्या बाजूला टाकीच्या खुणेशी जुळवायची एक खूण असते, ती मी खाली घातली होती.

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? वहिनी म्हणाल्या, हे झोपेत बरळायचे. खूण वर, भोकं खाली. खूण वर, भोकं खाली.

मी तिथंच फरशीवर बसलो. म्हणजे ते तुझं पुटपुटणं! मला वाटायचं तू देवाचं नाव घेतोस. एवढी वर्षं, तुझा जप चाललाय, आपण मध्ये मोठ्यानं बोलू नये, म्हणून मी त्या जागी आवाज खाली आणायचो. जेलर कारकुनाच्या कानात कुजबुजतो ना, तो म्हणून कुजबुजतो. लोकांना तीच जागा सगळ्यात जास्त आवडायची. माणसं श्वास रोखून पुढं सरकायची. तुझ्या खूण-भोकांच्या जपावर मी माझी आख्खी कला उभी केली आणि मला पत्ता नाही.

परत काढलं. परत चढवलं. खूण वर, भोकं खाली. मीही पुटपुटलो. बिस्मिल्लाही म्हणालो, कुठलं लागू पडेल सांगता येत नाही.

मग बाहेरची तार. ती तुला आयुष्यभर पुरली, मला एका सकाळीत संपवायला निघाली. रबराच्या बाहेरच्या खाचेत ती गोल बसवायची, तिला एका ठिकाणी बारीक स्प्रिंग असते, ती ताणून शेवटचा भाग खाचेच्या ओठावरून आत ढकलायचा. वरून दाबली की खालून निघते. खालून धरली की बाजूनं निघते. एकदा अशी उडाली की खिडकीतून कागलच्या दिशेनं गेली म्हणून सांगणार होतो, पण वहिनी समोर होत्या, बादलीत पडली. बोटं सोलली. मी परत तार धरली. दोन्ही हात अडकलेले, दातावर दात. न्हाणीत आवाज नाही.

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही बोलत का न्हाईसा, भावजी?"

मी म्हटलं, वहिनी, हात चालला की तोंड बंद पडतंय. दोन्ही एकदम येत नाही. तान्याला येत नव्हतं, मला कुठलं येणार.

त्या म्हणाल्या, "ह्यांना कोण म्हणतंय येत नव्हतं? बरं, तुम्ही करा. मी सांगते." आणि पदर सावरून, भाजीचा भाव सांगावा तशा सपाट आवाजात त्यांनी सुरू केलं. जज्जसाहेब मगरीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, तुझं नाव काय?

मी वळून बघितलं. त्या म्हणाल्या, तार सोडू नका.

तान्या. तू रोज रात्री जेवताना वहिनींना गोष्टी सांगायचास. तू. आख्ख्या कोल्हापुरात चार शब्दांवर महिना काढणारा माणूस. दिवसभरात मी जे जे सांगितलं ते सगळं, आणि माझ्यापेक्षा लांबवून. वहिनी म्हणाल्या, हे म्हणायचे, इलाई अर्धीच सांगतो, खरी गोष्ट मला म्हाईत हाय.

खरी गोष्ट अशी. जज्ज नाव विचारतो. मगर तोंड उघडते. जेलर थरथरतो. एवढ्यात मागनं एक माणूस म्हणतो, साहेब, हा कैदी न्हाई, ही मगर हाय. मी हुतो तिथं. जज्ज विचारतो, तू कोण? तो म्हणतो, मी तानाजी, मशीनवाला. वहिनी म्हणाल्या, मी ह्यांना विचारायची, आज्जाच्या काळात मशीन कुठली हो? तर म्हणायचे, गप ऐक.

जज्ज म्हणतो, साक्ष मान्य. मगरीला सोडा. पण घोड्याचं काय? घोडा शेपटीशिवाय उभा, शेपटी मगरीच्या दातात. मग तानाजी मशीनवाला एक वाडगा साबणाचं पाणी मागतो. मगरीच्या जबड्याला बाजूनं साबण लावतो, शेपटी हळूच सोडवतो. घोड्यामागं बसतो. खूण वर धरतो, तार ओढतो, अंगठ्यानं खालून टेकू देतो, आणि वरून नाही, बाजूनं, थोडं थोडं, फिरवत आणतो.

मी बाजूनं आणली. थोडं थोडं, फिरवत. अंगठा खाली.

वहिनी म्हणाल्या, शेपटी हलली. घोड्यानं माशी हाणली. जज्ज बंगल्यावर गेला, मगर तळ्यात गेली. सगळे पांगले. आन् इलाईचा आज्जा तानाजीला म्हणाला, बस टांग्यात, सोडतो घरापर्यंत. सोडला. वाटंत लय बोलत हुता म्हणे.

टक्.

माझी मान खाली होती, कारण रबराच्या घडीत पाणी साठलंय का ते बघत होतो, असं मी वहिनींना सांगितलं.

तुला माझ्याकडून शेवट नको होता, होय ना? तो तुझ्याजवळ होता, तयार, धुऊन वाळवून. तू मला विचारत राहिलास ते माझं कुठं चुकतंय ते दाखवायला. आणि मी समजत होतो की मी तुझ्यापासून काहीतरी राखून ठेवलंय. तुझी जीभ मी आयुष्यभर मुकी समजलो आणि दर संध्याकाळी तुला तुझ्या प्रेक्षकाच्या दारात सोडून हॉर्न वाजवत निघून गेलो. एकदा आत येऊन जेवलो असतो तर तुझ्या तोंडून ऐकलं असतं. तू बोलावत होतास; मला वाटायचं, उगाच शिष्टाचार. यावर आता मी काय करू ते मला कळत नाही. तुझ्या गोष्टीत मात्र माझ्या आज्जानं तुला घरापर्यंत सोडलं, तेवढं तू आधीच सांभाळलंस. माझे उपकार मानायचे होते तर असे मानतात होय रे? माझ्या मागं, माझ्या आज्जाच्या नावावर?

मग आम्ही मशीन लावली. आत वहिनींच्या दोन साड्या आणि तुझा तो निळा शर्ट. काचेमागं पाणी चढलं. टाकी एकदा इकडं फिरली, एकदा तिकडं. फेस आला. मी आणि वहिनी दोघंही पालथं पडून मशीनखाली बघत होतो, बाहेरून कुणी आलं असतं तर काय गोष्ट झाली असती. पिळायची वेळ आली तशी ती गरगरली, थरथरली, फरशी हलली. वहिनींनी हात आत सरकवला. सगळीकडं फिरवला. बाहेर काढून माझ्यासमोर धरला.

कोरडा होता.

त्यांनी तो टॉवेल उचलला, पिळायला काही नव्हतं तरी सवयीनं पिळला, आणि बाहेर वाळत टाकला. मग भावाला फोन लावला आणि माझ्यासमोरच सांगितलं, गाळा देत न्हाई, तू दुसरीकडं बघ. तो पलीकडून बराच वेळ बोलला. त्या म्हणाल्या, येतंय की त्यांना. तेवढं सांगून फोन ठेवला. मला एवढ्या मोठ्या आयुष्यात हजार लोकांनी वाहवा दिली असेल, पण "येतंय की" असं कुणी म्हटलं नव्हतं. आणि त्याचं श्रेय तुझं आहे, माझं नाही, हे मला कळतं. घेतो मात्र मी. तू हयात असतास तर दिलं नसतंस, खवचट.

दुसऱ्या दिवशी शटर वर केलं. आत तुझा चष्मा होता, मी तो हलवला नाही. हलवीन कधीतरी.

त्यानंतर पहिलं काम आलं ते फुलेवाडीतून. एक आजी. दाराचं रबरच. तिच्या न्हाणीत मी मशीनकडं तोंड करून बसलो. आजीकडं पाठ. तुझी साधी सवय, पण माझ्या मानेला ती नवी होती. आजी दारात उभी राहिली, आणि माझे हात थिजायला लागले. कुणीतरी मागं उभं आहे, बघतंय. त्या एका क्षणात मला तुझी आख्खी पंचवीस-तीस वर्षं कळली.

मी मान न वळवता म्हणालो, आजी, घरात कोण कोण असतं?

बस्स. धरण फुटलं. तिची सून, सुनेची आई, सुनेच्या आईचं मांजर, ते मांजर दूध सोडून फक्त फरसाण खातं, आणि परवा त्यानं शेजारच्या अल्सेशियनला जिन्यावरून खाली ढकललं. असली थाप मी सुद्धा मारली नसती. माझ्या जिभेवर पुढची ओळ तयार होती, मांजर कुठल्या घाटातून आणलं इथपासून. पण दातात तार होती आणि अंगठा खाली अडकलेला. मी ऐकत राहिलो. बाजूनं, थोडं थोडं, फिरवत. ती सांगत राहिली. कधी बसलं ते मला कळलंसुद्धा नाही.

मशीन चालू करून दाखवली, फरशी पुसली, पेटी आवरली. आजीनं चहा दिला आणि माझ्याकडं जरा कौतुकानं बघत म्हणाली, "मिस्त्री, तुम्ही लय कमी बोलता बघा."

मी नुसती मान हलवली आणि चहा प्यालो.